उंदरांतील प्रतिकारपेशींचे मार्कर आणि लिंकेज: पहिला क्रॉस लावण्याआधी

मी लावलेला पहिला मोठा क्रॉस, म्हणजे दोन वाणांच्या उंदरांचा संकर, फुकट गेला. मला बी६ (प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण) पार्श्वभूमीवर असे उंदीर हवे होते ज्यांच्यात टी-पेशींवरचं सीडी४ हे प्रथिनही नसेल आणि एनके पेशींवरचा (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी) लाय४९एच हा रिसेप्टरही नसेल. एका पिंजऱ्यात सीडी४ बाद केलेला वाण होता. दुसऱ्यात होता बाल्ब/सी या आणखी एका वाणाचा एनके जनुकसमूह बी६ मध्ये आणून तयार केलेला वाण, त्यात लाय४९एच मुळातच नसतो. एफ१, म्हणजे या दोन वाणांची पहिली पिढी, ठरल्याप्रमाणे आली. एफ१ आपसात जोडून झालेल्या एफ२ मध्ये सोळात एक पिल्लू दोन्ही बाजूंनी शुद्ध (दोन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती हव्या त्याच) मिळेल असं धरून मी ११८ पिल्लांचं रक्त तपासलं. सात तरी निघायला हवी होती, पण एकही निघालं नाही.

दोष उंदरांचा नव्हता आणि प्रतिपिंडांचाही नव्हता. सीडी४चं जनुक आणि लाय४९एचचं जनुक, दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर आहेत, एकमेकांपासून जेमतेम पाच दशलक्ष बेसजोड्यांवर. इतकी जवळची जनुकं सहसा बरोबरच पुढच्या पिढीत जातात, यालाच लिंकेज म्हणतात. पाच मिनिटं नकाशा उघडून बघितला असता तर आठ महिने आणि शंभरावर जीव वाचले असते. त्या जिवांचं मला आजही वाईट वाटतं, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

प्रतिकारपेशींवरच्या रिसेप्टरांचे अलील, म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळ्या वाणांतली रूपं, आपण मार्कर म्हणून वापरतो. कुठली पेशी दात्याची आणि कुठली यजमानाची हे त्यावरून कळतं, पिल्लू कोणत्या जातीचं (म्हणजे त्याच्यात कोणते अलील आहेत) तेही कळतं, आणि एखादं अज्ञात जनुक कुठे आहे तेही शोधता येतं. पण मार्कर फक्त स्वतःच्या जागेबद्दल बोलतो. त्याच्या शेजारी काय आलंय, काय निसटलंय, हे आपण वेगळं तपासावं लागतं.

हाताशी काय हवं

- प्राणी-नीतिसमितीची मंजुरी. तिच्यात पिल्लांची संख्या हिशेबासकट लिहिलेली असावी (हा हिशेब पायरी ५ मध्ये आहे).
- दोन्ही मूळ वाणांचं पूर्ण अधिकृत नाव आणि किती पिढ्या बॅकक्रॉस (पिल्लांना परत एका मूळ वाणाशी जोडणं) झालाय याची लेखी नोंद.
- माउस जीनोम इन्फॉर्मॅटिक्स हा विनामूल्य डेटाबेस आणि एन्सेंबलसारखा एखादा जीनोम ब्राउझर.
- अलील ओळखणारे प्रतिपिंड, क्लोनच्या (म्हणजे नेमका कोणता प्रतिपिंड त्याच्या) नावासकट.
- दोन्ही शुद्ध पालक आणि त्यांची एफ१, प्रत्येकी निदान दोन जिवंत उंदीर. याशिवाय सुरुवात करू नका.
- कानाच्या तुकड्यातून डीएनए काढण्याचं साहित्य, आणि दोन्ही वाणांत वेगळे दिसणारे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (डीएनएतले एका अक्षराचे फरक).
- वंशावळीची वही. संगणकात ठेवा, पण पिंजऱ्याजवळ कागदावरही ठेवा.

पायरी १. नावांचा गुंता आधी सोडवा

या विषयात नवखा माणूस सगळ्यात आधी नावांवरच अडखळतो. एकाच गोष्टीला जनुकाचं एक नाव, प्रथिनाचं दुसरं आणि जुन्या लेखांतलं तिसरं असतं. सीडी४५ हे प्रथिन, त्याचं जनुक पीटीपीआरसी, आणि जुनं नाव लाय५. सीडी८ची अल्फा साखळी म्हणजे जुनी लाय२, बीटा म्हणजे लाय३. सीडी५ म्हणजे लाय१. सीडी९० म्हणजे थाय१, आणि १९६४ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा त्याला थीटा म्हणत. एनके१.१ हे तर जनुकाचं नावच नव्हे. पीके१३६ नावाचा प्रतिपिंड जे ओळखतो त्याला एनके१.१ म्हणतात.

लाय५च्या बाबतीत फार जपा. सुरुवातीच्या लेखांत बी६ च्या अलीलला लाय५.१ म्हणत आणि एसजेएल या वाणाच्या अलीलला लाय५.२. पुढे ही नावं उलटली. आज बी६ म्हणजे सीडी४५.२ आणि एसजेएल म्हणजे सीडी४५.१. जुन्या लेखातला दाता-यजमान तक्ता जसाच्या तसा उचललात तर निष्कर्ष बरोबर उलटा निघेल. म्हणून जुना लेख वाचताना आकड्यावर जाऊ नका, कोणता वाण वापरलाय ते बघा.

वहीत प्रत्येक मार्करसाठी एक ओळ लिहा: जनुकाचं आजचं नाव, प्रथिनाचं नाव, जुनं नाव, गुणसूत्र, तुमच्या दोन्ही वाणांतले अलील, प्रतिपिंडाचा क्लोन. एवढ्यानं पुढची अर्धी गडबड टळते.

पायरी २. नकाशावर जागा बघा

उंदराला अलिंगी गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात, शिवाय एक्स आणि वाय. नेहमी लागणारी जनुकं कुठे आहेत ते आधी सांगतो.

पहिल्या गुणसूत्रावर सीडी४५ आहे. त्याच गुणसूत्राच्या टोकाकडे एफसी-गॅमा रिसेप्टरांचा गट आणि स्लॅम कुटुंब आहे. दुसऱ्यावर बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि रॅग१-रॅग२ची जोडी आहे. ही जोडी इतकी चिकटून आहे की क्रॉसमध्ये ती वेगळी होईल अशी आशा धरू नये. सातव्यावर एनकेपी४६, नवव्यावर थाय१. बाराव्यावर प्रतिपिंडाची जड साखळी, तेराव्यावर टी-पेशी रिसेप्टरची गॅमा साखळी. चौदाव्यावर अल्फा आणि डेल्टा, त्यातही डेल्टाची जनुकं अल्फाच्या पोटातच बसलेली आहेत. सोळाव्यावर लॅम्डा साखळी, सतराव्यावर एच-२ (पेशी आपली की परकी हे ज्यावरून ठरतं तो जनुकगट), एकोणिसाव्यावर सीडी५.

आता सहावं गुणसूत्र. या एकावर एवढी दाटी आहे की त्याचं चित्र काढून टेबलासमोर चिकटवावं. एका टोकाकडून निघालं की साधारण ४१ दशलक्ष बेसजोड्यांवर टी-पेशी रिसेप्टरची बीटा साखळी लागते. ७० दशलक्षाच्या आसपास प्रतिपिंडाची कॅपा साखळी आहे. तिच्या लगेच पुढे, दहा लाख बेसजोड्यांच्या आतच, सीडी८ अल्फा आणि बीटा आहेत. मग मोठं अंतर सोडून १२५ दशलक्षाजवळ सीडी४ येतं, आणि १२८ ते १३० दशलक्षाच्या पट्ट्यात एनके जनुकसमूह: एनकेआर-पी१ कुटुंब, सीडी९४, एनकेजी२डी आणि लाय४९ची रांग.

कॅपा आणि सीडी८ यांचं शेजारीपण जीनोमचा क्रम माहीत होण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९७० च्या दशकात एकेआर, सी५८, पीएल आणि आरएफ या वाणांत हलक्या साखळीच्या बदलत्या भागाची एक खास खूण दिसली, आणि याच वाणांत लाय३चा तो दुर्मीळ अलीलही होता. क्रॉस केल्यावर दोन्ही बरोबरच पुढे जात. केवळ पिल्लं मोजून प्रतिपिंडाचं जनुक आणि टी-पेशीवरचं प्रथिन शेजारी आहेत हे लोकांनी ओळखलं. हे वाचलं तेव्हा मला लिंकेज म्हणजे काय ते पहिल्यांदा खऱ्या अर्थानं समजलं.

तुमची दोन जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर पायरी ५ वरवर वाचून पुढे जा. एकाच गुणसूत्रावर असतील तर तिथे बसून वाचा.

पायरी ३. वाणात अलील कोणता ते ठरवा

काही ठोकताळे पाठ असलेले बरे. सीडी४५.१ एसजेएलमध्ये आणि सीडी४५.२ बी६, बाल्ब/सी अशा नेहमीच्या वाणांत. थाय१.१ एकेआर आणि पीएलमध्ये, बाकी बहुतेकांत थाय१.२. थाय१च्या या दोन रूपांत फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे: ८९व्या जागी थाय१.१ मध्ये आर्जिनिन, थाय१.२ मध्ये ग्लुटामिन. लाय२.२ बी६ आणि बाल्ब/सीमध्ये, लाय२.१ डीबीए/२, सीबीए, सी३एच आणि एकेआरमध्ये. प्रतिपिंडाच्या जड साखळीचा ए प्रकार बाल्ब/सीमध्ये, बी प्रकार बी६ मध्ये.

एनके१.१ बी६, एसजेएल आणि एफव्हीबीमध्ये दिसतो. बाल्ब/सी, सीबीए, सी३एच, डीबीए/२ आणि १२९ मध्ये दिसत नाही. त्याचा अर्थ बाल्ब/सीला एनके पेशी नाहीत असा मुळीच नाही. पीके१३६ ला चिकटायला जी जागा लागते ती त्या वाणाच्या प्रथिनात नाही, एवढंच. तिथे एनके पेशी मोजायच्या असतील तर एनकेपी४६ घ्या, तो वाणावर अवलंबून नसतो.

पेशी एका उंदरातून दुसऱ्यात सोडणार असाल तर मार्कर निवडण्याआधी एच-२ जुळतोय का ते बघा. बी६ आणि १२९ दोन्ही बी, बाल्ब/सी आणि डीबीए/२ डी, सीबीए, सी३एच आणि एकेआर के, एसजेएल एस. म्हणून सीडी४५.१ साठी शुद्ध एसजेएल उंदीर बी६ मध्ये चालत नाही, एसजेएलचा तेवढाच भाग बी६ मध्ये आणलेला वाण लागतो. असं केलं नाही तर दात्याच्या पेशी यजमानाकडून नाकारल्या जातील आणि तुम्ही मात्र पेशी कुठे गेल्या ते शोधत बसाल.

पायरी ४. प्रतिपिंड आधी पालकांवर आणि एफ१ वर लावून बघा

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका. क्रॉस लावायच्या आठवड्यातच तीन नळ्या करा: पालक एक, पालक दोन, एफ१. शेपटीतून रक्ताचे दोन-तीन थेंब पुरतात. तांबड्या पेशी फोडा, २.४जी२ हा प्रतिपिंड लावून एफसी रिसेप्टर झाका, मग रंगीत प्रतिपिंड लावून पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग मोजणारं यंत्र) बघा. एक इशारा: २.४जी२ स्वतः सीडी१६ आणि सीडी३२ लाच चिकटतो. तुमचा अभ्यासच या रिसेप्टरांवर असेल तर झाकण्याचा दुसरा मार्ग शोधावा लागेल.

एफ१ ची नळी कशासाठी, ते तीन उदाहरणांनी दाखवतो.

पहिलं सीडी४५. एका अक्षावर ए२० (सीडी४५.१), दुसऱ्यावर १०४ (सीडी४५.२) घ्या. पालकांच्या पेशी आपापल्या अक्षाला चिकटून बसतात. एफ१ ची प्रत्येक पेशी दोन्ही दाखवते, म्हणून ठिपक्यांचा पुंजका वर उजव्या कोपऱ्याकडे, तिरक्या रेषेवर येतो. तिन्ही जाती नजरेनं वेगळ्या पडतात. थाय१ चंही असंच. मार्कर म्हणून याहून चांगलं काही नाही.

दुसरं आयजीएम, बी-पेशींवरचं प्रतिपिंड. बाल्ब/सी आणि बी६ च्या एफ१ मध्ये डीएस-१ (ए प्रकार) आणि एएफ६-७८ (बी प्रकार) लावा. इथे तिरक्या रेषेवर जवळजवळ काही नसतं. काही पेशी एका अक्षावर, बाकीच्या दुसऱ्या अक्षावर. प्रत्येक बी-पेशी दोन अलीलांपैकी एकच वापरते आणि दुसरा बंद ठेवते, म्हणून हे असं दिसतं. पहिल्यांदा हे चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा मी नळ्यांची अदलाबदल झाली असं समजून सगळा प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच आलं. मला ते चित्र अजून आवडतं: एक उंदीर, दोन अलील, आणि प्रत्येक पेशीनं आपापला केलेला निर्णय समोर दिसतोय. मात्र एकट्या पेशीवरून उंदराची जात ठरवता येत नाही, सगळी लोकसंख्या बघावी लागते.

तिसरं एनके१.१. बी६ आणि बाल्ब/सीची एफ१ पीके१३६ नं रंगते, शुद्ध बी६ ही रंगतो. तीव्रतेवरून दोघांत फरक करायच्या भानगडीत पडू नका. हा मार्कर एवढंच सांगतो की बी६ चा निदान एक अलील आहे. म्हणून एनके१.१ वापरायचा तर क्रॉस बाल्ब/सीकडे परत करा. तिथे पिल्लू रंगलं तर मिश्र, नाही रंगलं तर शुद्ध बाल्ब/सी. बी६ कडे परत केलात तर सगळीच रंगतील आणि हाती काहीच लागणार नाही.

लाय४९ कुटुंबात आणखी एक खाचखळगा आहे. हे रिसेप्टर सगळ्या एनके पेशींवर नसतात. बी६ मध्येसुद्धा लाय४९एच साधारण निम्म्या एनके पेशींवर दिसतो. तेव्हा आधी एनके पेशींचा पुरेसा मोठा गट वेगळा काढा, मग ३डी१० क्लोननं त्यातलं प्रमाण बघा.

पायरी ५. अंतरावरून पिल्लांचा हिशेब करा

उंदरात एक सेंटिमॉर्गन म्हणजे ढोबळमानानं दोन दशलक्ष बेसजोड्या. एक सेंटिमॉर्गन अंतर म्हणजे शंभर जननपेशींत एकीत त्या दोन जागांमध्ये अदलाबदल होणार. गुणसूत्राच्या काही भागांत हे प्रमाण कमी-जास्त असतं, पण आराखड्याला एवढं पुरतं.

आता तुमचे दोन हवे असलेले अलील एकाच पालकाकडून एकाच गुणसूत्रावर येतायत, की वेगवेगळ्या पालकांकडून समोरासमोरच्या गुणसूत्रांवर? सगळं गणित इथे फिरतं. अदलाबदलीचं प्रमाण र धरा.

जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर एफ२ मध्ये दोन्हींना शुद्ध असलेलं पिल्लू सोळात एक.

एकाच गुणसूत्रावर, दोन्ही एकाच पालकाकडून: जवळजवळ चारात एक. ही सोपी परिस्थिती.

एकाच गुणसूत्रावर, पण वेगवेगळ्या पालकांकडून: र चा वर्ग भागिले चार. माझ्या क्रॉसमध्ये र साधारण ०.०२ होता. म्हणजे ०.०००१. दहा हजार पिल्लांत एक. मी ११८ तपासून थांबलो ते बरंच झालं.

यातून वाट आहे. एफ१ ची थेट एफ२ करू नका. एफ१ ला साध्या बी६ शी जोडा आणि पिल्लांत अदलाबदल झालेलं गुणसूत्र शोधा. दोन्ही हवे अलील एकाच गुणसूत्रावर आलेलं पिल्लू र भागिले दोन इतक्या प्रमाणात मिळतं, म्हणजे माझ्या बाबतीत शंभरात एक. असं एक पिल्लू सापडलं की त्याची ते गुणसूत्र मिळालेली संतती आपसात जोडून चारात एक शुद्ध मिळतं. दोन पिढ्या जास्त लागतात, पण दहा हजारांच्या जागी काही शेकड्यांत काम होतं. साध्या बी६ शी जोडल्यावर सगळी पिल्लं दोन्ही जागी एक तरी बी६ अलील बाळगतात, म्हणून 'प्रथिन नाही' या खुणेवर इथे ओळख पटत नाही. डीएनए तपासावाच लागतो.

शंभरात एक म्हणजे शंभर पिल्लं पुरतील असं नव्हे. ९५ टक्के खात्री हवी तर तीनशेच्या आसपास धरा. नियम सोपा आहे: तीन भागिले हवं ते प्रमाण. मंजुरीच्या अर्जात हाच आकडा कारणासकट लिहा. आकडा फार मोठा येत असेल तर क्रॉस सोडून दुसरा मार्ग घ्या. जवळच्या जागी दुसरा बदल थेट जनुक-संपादनानं करणं अशा वेळी जास्त शहाणपणाचं असतं, आणि त्यात जीवही कमी जातात.

वेळेचा अंदाजही आत्ताच घ्या. गर्भकाळ १९ ते २१ दिवस, दूध तोडायला तीन आठवडे, वयात यायला सहा ते आठ आठवडे. एक पिढी म्हणजे तीन महिने धरून चाला. बॅकक्रॉससाठी शक्यतो एफ१ माद्या वापरा. उंदरांत माद्यांमध्ये अदलाबदल नरांपेक्षा थोडी जास्त होते, आणि एफ१ माद्या पिल्लंही चांगली वाढवतात.

पायरी ६. पिल्लं तपासा आणि लगेच लिहा

कानाला ओळखखूण करताना निघालेला तुकडाच डीएनएसाठी ठेवा. वेगळी इजा करायची गरज नाही. प्रोटिनेज के, ५५ अंश, रात्रभर. मायक्रोसॅटेलाइटच्या नावातच गुणसूत्र असतं: डी६मिट म्हटलं की डीएनए मार्कर, सहावं गुणसूत्र, मिट ही प्रयोगशाळेची खूण. दोन्ही वाणांतल्या पट्ट्यांत फरक थोडाच असतो, म्हणून जेल तीन-चार टक्क्यांचं घ्या आणि सावकाश चालवा. प्रत्येक जेलवर दोन्ही पालक आणि एफ१ हव्यातच.

शक्य असेल तर तुमच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर घ्या. एकाच बाजूचा मार्कर घेतला तर दुसऱ्या बाजूला अदलाबदल झाली की कळत नाही.

पायरी ७. टी-पेशींचा व्ही-बीटा दिसत नसेल तर

या सापळ्यात हुशार माणसंही अडकतात, म्हणून वेगळी पायरी. एखाद्या वाणात एखादा व्ही-बीटा (टी-पेशी रिसेप्टरच्या बीटा साखळीचा बदलता भाग) असलेल्या टी-पेशी नाहीत, तेव्हा सहाव्या गुणसूत्रावरचं ते जनुकच नाही असं वाटतं. पण कारणं दोन असू शकतात.

एसजेएल, एसडब्ल्यूआर, सी५७एल आणि सी५७बीआर या वाणांत व्ही-बीटा जनुकांचा मोठा पट्टाच गळालेला आहे. त्यात व्ही-बीटा ८ चं कुटुंबही गेलं. ही खरी जनुकाची अनुपस्थिती. डीबीए/२ मध्ये मात्र व्ही-बीटा ६ चं जनुक शाबूत आहे. तिथे पहिल्या गुणसूत्रावर एमटीव्ही-७ हा जुना विषाणू जीनोममध्ये बसलेला आहे. तो सुपरअँटिजेन (ठरावीक व्ही-बीटाच्या सगळ्या टी-पेशींना एकदम चेतवणारं प्रथिन) बनवतो आणि थायमसमध्ये व्ही-बीटा ६ असलेल्या पेशी मारल्या जातात.

फरक ओळखायला बी६ शी एफ१ करा. एसजेएलच्या एफ१ मध्ये व्ही-बीटा ८ च्या पेशी दिसतात, कारण बी६ चं गुणसूत्र ते जनुक पुरवतं. डीबीए/२ च्या एफ१ मध्ये व्ही-बीटा ६ च्या पेशी जवळजवळ नाहीशाच होतात, कारण विषाणूचा एक अलीलसुद्धा त्या मारायला पुरतो. म्हणजे 'दिसत नाही' हे लक्षण एका ठिकाणी सहाव्या गुणसूत्राशी बांधलेलं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्याशी. हे न बघता लिंकेज काढलंत तर नकाशावर भलत्याच जागी पोचाल.

पायरी ८. शेजारी कोण आलंय ते बघा

दहा पिढ्या बॅकक्रॉस झाला की वाण ९९.८ टक्के शुद्ध झाला असं आपण म्हणतो. हे लिंक नसलेल्या जनुकांपुरतं खरं आहे. तुम्ही निवडत आलात त्या जनुकाच्या आजूबाजूचा तुकडा मात्र प्रत्येक पिढीत निवडला जातो. तो सरासरी दोनशे भागिले पिढ्या इतके सेंटिमॉर्गन उरतो. दहा पिढ्यांनंतर २० सेंटिमॉर्गन, म्हणजे सुमारे ४० दशलक्ष बेसजोड्या. त्यात शेकडो जनुकं मावतात.

सीडी४५.१ चा नेहमीचा वाण घ्या: बी६.एसजेएल-पीटीपीआरसी-ए पेपसी-बी/बॉयजे. नावातला पेपसी-बी हा एसजेएलमधून बरोबर आलेला शेजारीच आहे, नाव ठेवणाऱ्यानं तो प्रामाणिकपणे सांगितलाय. पण नावात न लिहिलेले इतरही आहेत. दोन्ही प्रकारच्या मूळपेशी सारख्या प्रमाणात मिसळून सोडल्या तर या वाणाच्या पेशी बी६ च्या मागे पडतात असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणूनच २०१६ मध्ये जनुक-संपादनानं असा बी६ उंदीर तयार झाला ज्यात सीडी४५ मध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललंय, आणि तेवढ्यानं ए२० प्रतिपिंड चिकटतो. २०१८ मध्ये तर सीडी४५.१ च्या एका वसाहतीत एनकेपी४६ च्या जनुकात उत्परिवर्तन सापडलं. ते जनुक सातव्या गुणसूत्रावर, सीडी४५ शी त्याचा काही संबंध नाही, तरी वर्षानुवर्षं ते उंदीर नियंत्रण गट म्हणून वापरले जात होते.

आणखी एक उदाहरण प्रत्येक नवख्यानं वाचावं असं आहे. एफसी-गॅमा-२बी हा बी-पेशींना आवर घालणारा रिसेप्टर १२९ च्या मूळपेशींत बाद केला आणि ते उंदीर बी६ मध्ये आणले, तेव्हा त्यांना ल्युपससारखा तीव्र आजार झाला. पण हेच जनुक थेट बी६ च्या मूळपेशींत बाद केलं तेव्हा आजार फारच सौम्य निघाला. पहिल्या वाणात रिसेप्टरच्या आजूबाजूचा १२९ चा तुकडा तसाच राहिला होता, आणि त्या पट्ट्यात स्लॅम कुटुंबासारखी स्वप्रतिकाराशी जोडलेली जनुकं बसतात.

तुम्ही काय करायचं: प्रयोगातला नियंत्रण गट नेहमी त्याच विणीतल्या भावंडांचा घ्या, बाहेरून मागवलेल्या बी६ चा नको. पेशी सोडायच्या असतील तर निम्म्या प्रयोगात दाता-यजमान उलटे करा. आणि एकदा तरी दोन्ही बाजूंचे एसएनपी तपासून परका तुकडा कुठून कुठपर्यंत आहे ते वहीत लिहा.

पायरी ९. आकडे वाचताना

समजा बॅकक्रॉसमधल्या ९४ पिल्लांत ३ अदलाबदली मिळाल्या. अंतर ३.२ सेंटिमॉर्गन असं लिहून मोकळे होऊ नका. खरं अंतर साधारण ०.७ ते ९ च्या दरम्यान कुठेही असू शकतं, तेही लिहा. एकही अदलाबदल मिळाली नाही म्हणजे अंतर शून्य नव्हे. १०० पिल्लांत शून्य मिळालं तर अंतर ३ सेंटिमॉर्गनपर्यंत असू शकतं. आणि त्या ३ सेंटिमॉर्गनमध्ये सबंध एनके जनुकसमूह आरामात बसतो.

उंदरांच्या सायटोमेगालोविषाणूला बी६ पुरून उरतो, बाल्ब/सी आजारी पडतो. १९९० मध्ये या फरकाला सीएमव्ही१ असं नाव मिळालं आणि पुढच्या क्रॉसमध्ये तो एनके१.१ बरोबर जाताना दिसला. तेव्हा जागा कळली, पण त्या पट्ट्यात जनुकं कितीतरी. लाय४९ च्या रांगेतच बी६ मध्ये १५ जनुकं आहेत, बाल्ब/सीमध्ये ८ आणि १२९ मध्ये १९. उलगडा व्हायला बीएक्सडी-८ हा वाण उपयोगी पडला. बी६ आणि डीबीए/२ पासून तयार झालेल्या या वाणात एनके जनुकसमूहाचे मार्कर बी६ चे होते, तरीही तो विषाणूपुढे हतबल होता. बारकाईनं बघितल्यावर कळलं की त्याच्यात लाय४९एचचं जनुक गळालेलं आहे. २००१ मध्ये सीएमव्ही१ म्हणजे लाय४९एच हे नक्की झालं.

तुमच्या क्रॉसमध्येही असं एखादं पिल्लू येईल, ज्याचे मार्कर एक सांगतायत आणि वागणं दुसरंच. त्याला चूक समजून वहीतून खोडू नका. डीएनए पुन्हा काढा, रक्त पुन्हा तपासा, पिंजऱ्याचा क्रमांक पडताळा. तरीही निकाल तोच आला तर त्याला जोडीदार द्या, आणि त्याच्या कानाच्या तुकड्याची एक कुपी उणे ८० अंशांत वेगळी ठेवा.